आत लेकरं खेळतायत

उत्तरेश्वर घोळवे यांनी आमच्या सोसायटीसमोरची वीस गुंठे जागा अठरा वर्षं राखली. राखली म्हणजे अगदी शब्दशः राखली. बिबवेवाडीत चार फुटांचा कोपरा मोकळा दिसला तरी आठवड्यात तिथे वडापावची गाडी लागते, महिन्यात तिच्यावर पत्रा चढतो आणि वर्षभरात विजेचा मीटर बसतो. त्या वीस गुंठ्यांवर मात्र अठरा वर्षांत एक खुंटीसुद्धा कोणाला ठोकता आली नाही. पालिकेची जागा, भोवती निळ्या पत्र्यांचं उंच कुंपण, एक फाटक आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले उत्तरेश्वर.

ते मूळचे केजकडचे. भोसरीतल्या एका कारखान्यात होते, तो बंद पडला आणि दोन हजार पाच साली एका ठेकेदाराने त्यांना या जागेवर वॉचमन म्हणून आणून बसवलं. राहायला आतच पत्र्याची खोली दिली. त्यांच्या पत्नी मुक्ताई रोज सकाळी सदाशिव पेठेत विद्यार्थ्यांच्या खानावळीत पोळ्या लाटायला जात. मुलगी नम्रता तेव्हा चार वर्षांची होती.

कुंपण लागण्याआधी तिथे आसपासची पोरं क्रिकेट खेळायची. कुंपण लागल्यावरही महिना-दोन महिने पत्र्याखालून सरपटत आत शिरायची. उत्तरेश्वर त्यांना बाहेर काढत. मारझोड कधी केली नाही, पण त्यांचा आवाज मोठा होता आणि हातातली काठी ते जमिनीवर अशी आपटत, की मुलं पांगत. हळूहळू मुलं यायची थांबली. ठेकेदाराच्या सुपरवायझरने त्यांना एक वही दिली होती, तीत रोज नोंद करायची. उत्तरेश्वर सातवी शिकलेले, अक्षर घोटीव. तारीख, वेळ आणि पुढे: "जागा रिकामी. आत कोणी नाही." अशा वह्यांवर वह्या भरल्या. आपलं काम चोख आहे याचा त्यांना अभिमान होता. मला एकदा म्हणालेसुद्धा, "साहेब, ह्या पुण्यात इतकी मोकळी जागा दुसरी दावा मला."

ती जागा कशासाठी मोकळी ठेवायची आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. तसं पाहिलं तर आम्हीही विचारलं नव्हतं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात एक म्हातारी फाटकाशी आली. दुपारचे बारा वाजून गेले होते. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला. बस स्टॉपपासूनचा चढ चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. उत्तरेश्वरांनी तिला तांब्याभर पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "दादा, वाईच आत जाऊन येते."

"आत जाता येत नाय मावशी. परवानगी नाय."

"ही जागा आमचीच व्हती रं."

हे वाक्य उत्तरेश्वरांनी तीन वर्षांत कितीतरी जणांकडून ऐकलं होतं. आमची होती, आमच्या पाहुण्यांची होती, आमच्या साहेबांनी घेतली आहे. अशा माणसाला एकदा आत घेतलं की तो चटई अंथरतो, असं सुपरवायझरने बजावून सांगितलं होतं. उत्तरेश्वर फाटकात आडवे उभे राहिले.

म्हातारी हटेना. "मला काय न्यायाचं नाय. बघायचंय निस्तं. आत लेकरं हायेत का?"

त्याच वेळी आतून हसण्याचा आवाज आला. सात वर्षांची नम्रता शाळेच्या सुटीत एकटीच लिंबाच्या झाडाला बांधलेल्या दोरीवर झोके घेत होती आणि स्वतःशीच हसत होती. पत्र्यांमुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. उत्तरेश्वरांना जेवायला बसायचं होतं, ऊन मी म्हणत होतं आणि समोरची बाई हलत नव्हती. ते म्हणाले, "हायेत ना. आत लेकरं खेळतायत. शाळंची लेकरं हायेत, म्हणून मोठ्या माणसाला आत सोडत नाय."

म्हातारी जरा वेळ पत्र्याला कान लावून उभी राहिली. मग हसली. दात फारसे नव्हते. म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे बाबा. खेळू दे त्यास्नी. तू राखण चांगली करतुस."

आणि ती उतार उतरून निघून गेली. उत्तरेश्वरांनी जेवण केलं आणि वहीत लिहिलं: "दुपारी एक वृद्ध बाई आली. समजावून परत पाठवली. आत कोणी नाही." त्यानंतर कित्येक वर्षं त्यांना ती आठवलीही नाही.

दोन हजार तेवीस साली फाटकावर पालिकेची नोटीस लागली. सदर जागा दीर्घकाळ वापराविना पडून असल्याने तिथे बहुमजली पार्किंग आणि खाली दुकानगाळे बांधण्याचा प्रस्ताव आहे, ज्यांना हरकती-सूचना द्यायच्या असतील त्यांनी तीस दिवसांत द्याव्यात, वगैरे. आमच्या सोसायटीत ऋतुजा नावाची तरुण वकील राहते. तिने माहिती अधिकारात कागद मागवले, तेव्हा पहिल्यांदा आम्हाला कळलं की ही जागा पालिकेने विकत घेतलेलीच नव्हती. ती तिला बक्षीस मिळाली होती. धोंडिबा नावाच्या शेतकऱ्याने एकोणनव्वद साली नोंदणीकृत बक्षीसपत्र करून ती दिली होती आणि त्यात अट होती: जागा कायम मुलांच्या खेळण्यासाठी आणि बागेसाठीच वापरावी, तसा वापर न झाल्यास ती देणाऱ्याच्या वारसांकडे परत जाईल.

ऋतुजाने वारस शोधून काढले. धोंडिबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा नातू साईनाथ खडकवासल्याच्या अलीकडे राहत होता, बांधकामाला लागणाऱ्या सामानाचं त्याचं दुकान होतं. एका रविवारी सकाळी तो जागा पाहायला आला. ऋतुजा होती, मी होतो, आणि फाटक उघडायला अर्थातच उत्तरेश्वर होते.

साईनाथ आत आला, चारी बाजूंनी फिरला. सगळीकडे गुडघाभर गवत. मग ऋतुजाला म्हणाला, "मॅडम, इथं आमचं खळं होतं. सगळी जमीन बिल्डरला गेली तेव्हा आमची आजी, सोजरबाई, आजोबांना म्हणाली, सगळं विका, पण खळं विकू नका. एवढ्या बिल्डिंगी होणार, त्यातली पोरं खेळणार कुठं? आजोबांना पटत नव्हतं. आजी दोन दिवस जेवली नाही. मग त्यांनी लिहून दिलं."

"मग इतकी वर्षं तुम्ही कोणी विचारलं कसं नाही?" ऋतुजाने विचारलं.

"आजी विचारायची ना. दर वर्षी पालिकेत जायची, बाग कधी होणार म्हणून. एका वर्षी वडलांनी ठरवलं, वकिलाची नोटीस द्यायची आणि जागा परत मागायची. नोटीस लिहूनसुद्धा झाली होती. तेवढ्यात आजी स्वतःच एकटी इथं येऊन बघून गेली. घरी आल्यावर म्हणाली, नोटीस-बिटीस काही नको. लेकरं खेळतायत, मी माझ्या कानांनी ऐकलं. राखणदार इतका चांगला हाय, की त्यानं मलासुद्धा आत सोडलं नाही." साईनाथ हसला. "सात वर्षांनी गेली. तोवर येईल त्याला हेच सांगायची. सोजरबाईच्या खळ्यात लेकरं खेळत्यात."

मी उत्तरेश्वरांकडे पाहिलं नव्हतं. पाहायचं काही कारणच नव्हतं. नंतर ऋतुजा म्हणाली, की फाटकाची कडी त्यांच्या हातून दोनदा निसटली.

त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. ही गोष्ट नंतर त्यांना सगळ्यात जास्त सलत राहिली. साईनाथ समोर उभा होता, त्यांना पाच मिनिटांत सांगून टाकता आलं असतं. त्यांनी फाटक लावलं, "बरं, या परत" म्हणाले आणि खुर्चीत बसले.

चौथ्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले. अठरा वर्षांत जिना चढून कधी वर आले नव्हते. आत या म्हटलं तर येईनात. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच त्यांनी मला सगळं सांगितलं: ती दुपार, तो तांब्या, नम्रताचं हसणं.

"साहेब, म्या तिला पाणी पाजून फसवलं," ते म्हणाले. "नुस्तं हाकललं असतं तरी चाललं असतं. चिडली असती, घरी जाऊन बोंबलली असती. नोटीस गेली असती, काहीतरी झालं असतं. म्या तिला खूश करून धाडली."

मी नेहमीचं बोललो. तुम्हाला काय माहीत होतं, तुम्ही हुकमाचे ताबेदार. त्यांनी मान हलवली. "हुकूम आत न सोडायचा व्हता. खोटं बोलायचा नव्हता."

घरात त्यांनी मुक्ताईंना सांगितलं, नम्रतालाही सांगितलं. नम्रता आता हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. ती वडिलांना धीर देईल असं मुक्ताईंना वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू? तेव्हा बाहेरची मुलं पत्र्याच्या फटीतून मला बघायची. मी त्यांना बोलवायचे, आणि तुम्ही त्यांना हाकलायचात. एवढं मोठं ग्राउंड आणि मी एकटीच. इट वॉज सो बोअरिंग. मी झोक्यावर एकटी का हसायचे माहितीये? समोर कोणीतरी आहे असं मी इमॅजिन करायचे."

हे तिने रागाने सांगितलं नव्हतं. पण त्यानंतर उत्तरेश्वरांचं जेवण तुटलं. मुक्ताई ताट वाढायच्या, ते दोन घास खाऊन उठायचे.

हरकतींवरच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी ऋतुजाने उत्तरेश्वरांना आणि मला बसवून समजावलं. पालिकेची सगळी भिस्त त्या वह्यांवर आहे. अठरा वर्षं आत कोणी फिरकलं नाही, म्हणजे इथे बागेची गरजच नाही, असं ते म्हणणार. "काका, तुम्ही एवढंच सांगा, की मुलं येत होती आणि तुम्हाला त्यांना हाकलायला सांगितलेलं होतं. तेवढ्याने काम होईल. पण आजीचं काही बोलू नका."

"का?"

"कारण साईनाथने जागा परत मागितली आहे. त्याची बाजू फक्त एका ठिकाणी लंगडी आहे: कुटुंब इतकी वर्षं गप्प का बसलं? तुम्ही आजीला खोटं सांगितलंत हे रेकॉर्डवर आलं, की त्याला उत्तर मिळालं. मग जागा त्याची. तो तिथे काय बांधेल कोण जाणे. पार्किंग जाईल, पण बागही जाईल."

उत्तरेश्वरांनी हात गुडघ्यांवर ठेवून ऐकलं. "म्हणजे आता पुन्हा एकदा लपवायचं," ते म्हणाले.

ऋतुजा थोडी वैतागली. "काका, मुलांसाठीच सांगतेय ना मी."

"तवा बी लेकरांचंच नाव घेतलं व्हतं."

सुनावणीच्या खोलीत तीसेक माणसं असतील. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई मध्यमवयीन, शांत. मध्ये कोणी बोललं की चष्म्यावरून नुसत्या पाहायच्या. पालिकेच्या वतीने एका अभियंत्याने वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि तीन-चार ठिकाणची पानं वाचून दाखवली. जागा रिकामी. आत कोणी नाही. जागा रिकामी. आत कोणी नाही. मग त्याने आणखी एक कागद काढला, दोन हजार चार सालचा. समोरच्या सोसायटीच्या रहिवाशांचा अर्ज: मोकळ्या जागेत मुलांच्या खेळण्याचा अतोनात त्रास होतो, काचा फुटतात, दुपारची झोप मिळत नाही, तरी सदर जागा बंदिस्त करून मुलांना मज्जाव करावा. खाली एकवीस सह्या.

सातवी सही माझी होती.

मी तो अर्ज विसरलो होतो. अगदी खरं सांगतो, साफ विसरलो होतो. ऋतुजाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. अठरा वर्षं मी गॅलरीत चहा पीत त्या निळ्या पत्र्यांकडे पाहिलं होतं आणि पालिका काही करत नाही म्हणून नाकं मुरडली होती.

मग उत्तरेश्वरांचं नाव पुकारलं गेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अधिकारी बाई म्हणाल्या, "बसून बोला. या नोंदी आपल्याच हातच्या आहेत का?"

ते उभेच राहिले. "माझ्याच हायेत. अक्षर माझं हाये."

"मग त्या खऱ्या आहेत?"

"आत कोणी नव्हतं हे खरं हाये बाईसाहेब. पर ते म्या येऊ दिलं नाय म्हणून नव्हतं. पयल्या महिन्यात म्या खरं लिवायचो. आज बारा पोरं आली, आज नऊ आली. सुपरवायझर म्हणला, असलं लिवू नको, कोणी नाय असं लिव. मंग तसं लिवलं. संध्याकाळी पोरं पत्र्याला नाक लावून उभी ऱ्हायची. वहीत त्याचा रकाना नव्हता."

अभियंता काही बोलायला गेला. बाईंनी हात वर केला.

"अजून एक हाये," उत्तरेश्वर म्हणाले. ऋतुजाने डोळे मिटले. ते बाईंकडे न पाहता मागे, साईनाथ बसला होता तिकडे वळले आणि त्यांनी ती दुपार जशीच्या तशी सांगितली. काही गाळलं नाही. आपल्याला भूक लागली होती आणि म्हातारीला कटवायचं होतं, हेसुद्धा सांगितलं. "आत लेकरं नव्हती. माझी एकटी पोरगी व्हती. तुमच्या आजीनं तिचाच आवाज ऐकला. तिला म्या खोटं सांगितलं. त्या रयवारी तुमी समोर व्हता, तवा बी बोललो नाय. ते दुसरं खोटं."

साईनाथच्या शेजारी बसलेला त्याचा वकील भराभरा लिहून घेत होता. साईनाथने त्याच्या मनगटावर हात ठेवून लिहिणं थांबवलं.

बाहेर व्हरांड्यात उत्तरेश्वर त्याच्याजवळ गेले आणि वाकायला लागले. तो मागे सरकला. "पाया पडू नका हो. वयानं मोठे आहात." मग म्हणाला, "तुम्ही आजीला सात वर्षं सुखात ठेवलंत आणि आम्हाला पंधरा वर्षं गप्प बसवलंत. आता आभार कुठल्याचे मानू आणि राग कुठल्याचा धरू, तुम्हीच सांगा." साईनाथ गाडीत बसून निघून गेला. त्याने माफ केलं असं काही म्हटलं नाही. आजतागायत म्हटलेलं नाही.

पंधरा दिवसांनी त्याने पालिकेला लेखी कळवलं: दोन वर्षांत तिथे बाग आणि मैदान झालं तर मी हक्क सांगणार नाही, नाही झालं तर कोर्टात जाईन. त्याच्या वकिलाने त्याला वेड्यात काढलं असं ऐकलं. पार्किंगचा प्रस्ताव मागे घेतला गेला. पत्रे निघाले. रस्त्याच्या बाजूची तीन गुंठे जागा रुंदीकरणात गेली ती गेलीच. उरलेल्या सतरांत दोन वर्षांना महिनाभर बाकी असताना मैदान, झोपाळे, चार बाकडी आणि फुलझाडांचे वाफे झाले.

उत्तरेश्वरांची नोकरी सुनावणीनंतरच्या महिन्यातच गेली होती. राखायलाच काही उरलं नाही, असं ठेकेदाराने सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. खोली सोडावी लागली. नम्रताने जवळच अप्पर भागात भाड्याने जागा घेतली, तिथे तिघं राहतात. आता ते एका दवाखान्यात दुपारपर्यंत नंबर लावून द्यायचं काम करतात. मुक्ताई सांगतात, की आता जेवतात बरे, पण जेवताना बोलत नाहीत.

बाग उघडली त्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. संध्याकाळची वेळ, मुलांची ही गर्दी. आमच्या सोसायटीतले तेव्हाचे सहीवाले आता नातवंडांना घेऊन आले होते आणि जागा किती छान केली म्हणत होते. मीही त्यांच्यात उभा राहून मान डोलावली. उत्तरेश्वर प्रवेशाजवळच्या पाटीपाशी थांबले. पाटीवर बागेचं नाव, खाली जागा देणारे म्हणून धोंडिबांचं नाव. त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"बाईचं नाव नाय," ते म्हणाले.

"कागद धोंडिबांच्या नावाचा होता. नियमाने तेच येणार."

"दोन दिस उपाशी कोण ऱ्हायलं व्हतं?"

ते आत आले नाहीत. मी आग्रह केला, तर म्हणाले, "नगं साहेब. तुमी जा." आणि स्टॉपच्या दिशेने चालू लागले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पालिकेत अर्ज दिला: पाटीवर सोजरबाईंचं नाव घालावं. अक्षर तेच, घोटीव. अर्जदाराचा या जागेशी संबंध काय, या ओळीपुढे त्यांनी लिहिलं होतं, "माजी राखणदार. सदर बाईस मी खोटे सांगितले होते." ऋतुजा म्हणाली, हे वाक्य काढा, याची काही गरज नाही. त्यांनी काढलं नाही. त्या अर्जाला उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी दुसरा अर्ज दिला, त्यावर "विचाराधीन" असा शेरा आला. तिसऱ्या अर्जावर मीही सही केली. ते म्हणाले, तुम्ही कशाला? मी म्हटलं, संबंधाच्या रकान्यात मलाही लिहिण्यासारखं आहे. माझी ओळ मी त्यांच्या ओळीखालीच लिहिली.

तो अर्ज गेल्या सोमवारी आवक विभागात दिला. पोच मिळाली आहे.